डब्ल्यूसीडब्ल्यूचा बेस्ट काळ १९८९च, एनडब्ल्यूओवाल्यांनी या भांडायला

काटाजोड
परवा मित्राशी जोरदार वाजलं म्हणून हा धागा. त्याच्या मते डब्ल्यूसीडब्ल्यू (अमेरिकेतली आधीच ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीची कंपनी) म्हणजे एनडब्ल्यूओ (होगनची १९९६ची खलनायक टोळी), काळे टीशर्ट आणि हल्क होगनची काळी दाढी, आधीचं नंतरचं सगळं पाणी. मी म्हणतो खरा काळ १९८९. टीव्हीवाल्या टेड टर्नरने आदल्या नोव्हेंबरात जिम क्रॉकेटकडून हा कुस्तीचा धंदा विकत घेतला त्याच्या लगेच नंतरचा. रिक फ्लेअर विरुद्ध रिकी स्टीमबोट, फेब्रुवारीत शिकागो, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स, मे महिन्यात नॅशव्हिल. न्यू ऑर्लिन्सची 'तीनात दोन'वाली मॅच ५५ मिनिटांच्या आसपास चालली आणि शेवटी फ्लेअरचा पाय दोरीखाली होता तो पंचाला दिसलाच नाही, म्हणून तिसरी मॅच. बस्स, एवढंच कारण. ना भावाभावांचं भांडण, ना बायको पळवणं. आणि नॅशव्हिलला फ्लेअर जिंकतो न जिंकतो तोच जजच्या खुर्चीतून टेरी फंक उठतो, आधी गोड बोलून चॅलेंज मागतो, नाही म्हटल्यावर त्याला टेबलावर डोक्यावर आपटतो. पुढचं अख्खं वर्ष त्या दोघांचं. एका वर्षात एवढा माल दुसऱ्या कुठल्या काळात आहे सांगा.

सोमवार_रात्र
काका, दंडवत, पण त्या न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये माणसं किती होती तेही लिहा की. जेमतेम पाचेक हजार! एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये खुर्च्याच जास्त दिसतात. त्याच दिवशी समोर रेसलमेनिया (मॅकमहॉनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा मोठा शो) होतं हे मान्य, पण बेस्ट काळ म्हणायचा आणि बघायला कुणी नाही, हे म्हणजे लग्न थाटात झालं फक्त वऱ्हाड आलं नाही. ७ जुलै १९९६, डेटोना बीच, होगन आला, सगळ्यांना वाटलं स्टिंग आणि मंडळींना वाचवायला आलाय आणि त्याने रँडी सॅवेजवरच उडी टाकली. लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला हो, खरा कचरा, ग्लास बाटल्या काय हाताला लागेल ते. त्याच काळात नायट्रोने (डब्ल्यूसीडब्ल्यूचा सोमवारचा टीव्ही शो) सलग ८३ आठवडे रॉला (मॅकमहॉनचा सोमवारचा शो) रेटिंगमध्ये मागे ठेवलं. ८३!! मॅकमहॉनला घाम फोडला तो या काळाने, फ्लेअरच्या आर्मड्रॅगने नाही.

वजनगट_हलका
आर्मड्रॅग (हात ओढून आपटणं) स्टीमबोटचा, फ्लेअरचा नाही. फ्लेअरच्या चॉप (छातीवर तळहाताचा फटका). आधी बेसिक क्लिअर करा मग भांडा 😀

बाकी दोघंही चूक. ९६-९७ बेस्ट आहे पण होगनमुळे नाही. ज्या शोमध्ये होगन उलटला त्याच शोची पहिली मॅच रे मिस्तेरिओ ज्युनिअर आणि सिकोसिस होती, कुणाला आठवते का? हॅलोवीन हॅवॉक १९९७, लास व्हेगास, एडी गरेरो विरुद्ध रे, बेल्ट एडीचा आणि रेचा मुखवटा पणाला. तो जांभळा पोशाख घालून रे हवेतच एडीच्या मानेभोवती फिरतो ते मी आजही मुलाला दाखवतो, तो म्हणतो बाबा हे ग्राफिक्स आहे. कंपनी चांगली लढणारी माणसं सगळीकडून गोळा करत होती, मेक्सिकोतून, जपानमधून, आणि वापरत कशी होती तर म्हाताऱ्यांच्या गप्पा सुरू होईपर्यंत टाइमपास. जेरिको, एडी सगळे कंटाळून निघून गेले. उगाच नाही.

काटाजोड
चॉपवाले बरोबर आहेत, आणि माझा मुद्दा त्यांनीच मांडला. एनडब्ल्यूओ म्हणजे सहा महिन्यांची उत्तम गोष्ट जी तीन वर्षं ताणली. स्टिंगला वर्षभर छपरावर बसवला, तोंडाला रंग, हातात बॅट, एक शब्द बोलत नाही, लोक वेडे झाले. आणि स्टारकेड १९९७ ला (वर्षअखेरचा मोठा शो, स्टिंग विरुद्ध होगन) काय केलं? पंचाने होगनसाठी एक-दोन-तीन मुद्दाम फास्ट मोजायचं ठरलेलं, मोजलं साधंच, म्हणजे होगन सरळ सरळ जिंकलेला दिसला, मग ब्रेट हार्ट येऊन म्हणतो अन्याय झाला. कसला अन्याय? होगनच्या करारात आपल्या मॅचचं काय होणार यावर त्याचाच शब्द शेवटचा असं कलम होतं. एवढी वर्षभर शिजवलेली बिर्याणी आणि शेवटी मीठच विसरले.

पीचट्री_स्ट्रीट
राहवलं नाही म्हणून लिहितो. ९८ ला मी वायटूकेच्या कामासाठी अटलांटात होतो, नवीन नवीन, गाडी नाही, ओळख नाही, रूमवर आम्ही चार मराठी पोरं आणि एक तेलुगू. ६ जुलैला जॉर्जिया डोमला गेलो, त्या तेलुगूनेच तिकिटं काढली. चाळीसेक हजार माणसं असतील. गोल्डबर्ग त्याच गावच्या फाल्कन्सकडून फुटबॉल खेळलेला, त्याच मैदानावर, त्यामुळे तिथल्या लोकांना तो घरचाच. आधी एनडब्ल्यूओच्या स्कॉट हॉलला पाडला मग होगनला, आणि छत पडेल असा आवाज. मला तेव्हा अर्धे नियम कळत नव्हते, शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. आता तुम्ही म्हणाल ती मॅच फुकट टीव्हीवर देऊन टाकली, पैसे लावून दाखवली असती तर करोडो आले असते. बरोबर आहे. पण माझ्यासाठी बेस्ट काळ म्हणजे तो सोमवार, त्याला मी काय करू.

सोमवार_रात्र
+१. आणि तेही एनडब्ल्यूओ काळातच येतं हे नोंदवून घ्यावे.

काटाजोड
पीचट्री साहेब, तुमच्यापुढे काही बोलत नाही, तुम्ही तिथे होतात. पण त्याच गोल्डबर्गचं सहा महिन्यांत काय केलं बघा, डिसेंबरात शॉक देणाऱ्या दांडक्याने हरवला, आणि ४ जानेवारी १९९९ ला त्याच जॉर्जिया डोममध्ये होगनने केव्हिन नॅशच्या छातीला एक बोट लावलं आणि नॅश आडवा. बोट! तेच चाळीस हजार टाळ्या वाजवणारे लोक त्या गावचे. आम्ही शाळेत ट्रम्प कार्डं खेळताना सुद्धा एवढं खोटं खेळलो नाही.

वजनगट_हलका
१९९२ चं कुणी नावच घेत नाहीये. मॅनेजर पॉल ई. डेंजरसलीची टोळी, त्यात रिक रूड, आर्न अँडरसन आणि केस असलेला स्टीव्ह ऑस्टिन. मे महिन्यातलं जॅक्सनविलचं वॉरगेम्स, दोन रिंगवर एक पिंजरा, बघितलं नसेल तर आज रात्री बघा. ऑगस्टमध्ये रॉन सिमन्सने व्हेडरला हरवून टायटल घेतलं ते वेगळंच. अर्थात त्याच वर्षी वरच्या दोरीवरून उडी मारायला बंदी घातली होती, त्यामुळे मी तो काळ बेस्ट म्हणू शकत नाही, माझ्या नावाला शोभणार नाही.

काटाजोड
१९९२ ला माझी हरकत नाही, नंबर दोन. आता एकच विचारतो आणि थांबतो. २६ मार्च २००१, शेवटचा नायट्रो, कंपनी मॅकमहॉनला विकून झालेली, शेवटची मॅच कोणाची लावली? फ्लेअर आणि स्टिंग. होगन नाही, हॉल नाही, नॅश नाही. आमच्याच काळातली दोन माणसं.

सोमवार_रात्र
हो, आणि फ्लेअर ती मॅच टीशर्ट घालून लढला काका. टीशर्ट.