पल्सर पडल्यापासून चाक सरळ, हँडल वाकडं : काय बदलावं, काय नाही?

एमआर_चिपळूणकर

नमस्कार मंडळी. गाडी पल्सर 150, पुढे डिस्क, अलॉय व्हील. कुंभार्ली घाट उतरताना वळणावर खडीवरून पुढचं चाक सटकलं आणि कठड्याच्या दगडावर जाऊन आपटलं. वेग फार नव्हता. गुडघा खरचटला, इंडिकेटर गेला, बाकी गाडी चालू. पण तेव्हापासून गाडी नाकासमोर जात असली तरी हँडल डावीकडे वळल्यासारखं दिसतं. डावी मूठ अंगाजवळ, उजवी लांब. शिवाय पकड जरा सैल केली की गाडी हळूच डावीकडे सरकते.

गॅरेजवाल्याने काही न उघडता, उभ्या उभ्या सांगितलं : दोन्ही शॉकप, टी (शॉकपचे पाइप धरणारा खालचा जोड), हँडल, पुढचं चाक, सगळं बदला. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने सांगितलं : चाक गुडघ्यात धरून हँडल ओढतो, पाच मिनिटांचं काम. दोघांच्या मध्ये कुठेतरी खरं असावं. माझी फिरती नोकरी आहे, औषधांच्या सॅम्पलची बॅग साडीगार्डला लटकवून रोज चिपळूण-कराड पट्ट्यात फिरावं लागतं, त्यामुळे गाडी फार दिवस उभी ठेवता येणार नाही. घरी पाने आहेत, हात चालतो. स्वतः काय तपासू शकतो?

बिनधास्त_ब्रेक

गुडघ्यात धरायचं आणि एक हिसका. आमच्याकडे सगळे असंच करतात. उगाच डोक्याला ताप कशाला.

उद्यमनगर_फिटर

हिसका द्यायला हरकत नाही हो, पण कशाला देतोय ते आधी कळू दे. पीळ बसलेला असेल तर हिसक्याने जातो. पाइप वाकलेला असेल तर हँडल सरळ दिसेल आणि वाकडेपणा आत तसाच राहील. त्या गाडीवर घाट उतरायचा म्हणजे अवघड.

भावा, तुझ्या दोन तक्रारी आहेत, त्या वेगळ्या धर. गाडी सरळ आणि हँडल वाकडं, ही एक. हँडल कसंही असो, गाडी एका अंगाला जाते, ही दुसरी. दोन्हींची कारणं बहुतेक वेळा वेगळी निघतात.

पहिली आधी. हँडलकडे बघणं बंद कर. हँडल म्हणजे एक पातळ नळी, पडल्यावर सगळ्यात आधी तीच वाकते. बघायचं ते शॉकपच्या दोन पाइपांकडे. ते वरच्या प्लेटमध्ये आणि खालच्या टीमध्ये नुसते आवळून धरलेले असतात. चाकाला बाजूने दणका बसला की वरची प्लेट आणि खालची टी एकमेकींच्या मानाने किंचित फिरतात. एक पाइप पुढे कलतो, दुसरा मागे. काही तुटलेलं नसतं, वाकलेलंही नसतं, पण दोन्ही पाइप समांतर राहत नाहीत. यालाच आपण पीळ म्हणतो.

तो बघायला खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या आण. पीव्हीसी पाइप नको, तो स्वतःच बाकदार असतो. हेडलाइट काढ. एक पट्टी वरच्या प्लेटच्या लगेच खाली दोन्ही पाइपांना पुढून टेकवून बांध, दुसरी खाली एक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) जरा वर, दोन्ही नळकांड्यांना, म्हणजे पाइप ज्यांत वर-खाली सरकतात त्या बाहेरच्या नळ्यांना. आता चार पावलं मागे जा, एक डोळा मिट आणि वरच्या पट्टीच्या कडेवर खालचीची कड धरून बघ. सुतार फळीचा पीळ असाच बघतो. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक टोक वर, एक खाली दिसलं तर आहे.

खात्रीसाठी काच. फोटोफ्रेमची चालेल, पण जाड घे आणि कडा पॉलिश पेपरने मार, नाहीतर बोटं कापतील. खालची टी आणि वरची प्लेट यांच्यामध्ये जेवढे पाइप उघडे दिसतात, त्यावर काच सपाट टेकव. चारी कोपरे टेकले तर पाइप समांतर. एका कोपऱ्यावर बोट दाबल्यावर काच टकटक डुलली, तर पीळ आहे किंवा टी वाकलेली आहे.

पीळ काढायचा असा. मेन स्टँड, इंजिनखाली लाकडी ठोकळा. पाइप वरच्या प्लेटच्या किती वर आले आहेत त्याची मार्करने खूण कर, नाहीतर ढिले केल्यावर एक पाइप सरकतो आणि नवीनच दुखणं सुरू होतं. मग मडगार्डचे बोल्ट, एक्सलचा नट, खालच्या टीचे बोल्ट, वरच्या प्लेटचे बोल्ट आणि मधला मोठा नट, सगळं ढिलं कर. काढायचं नाही, हाताने फिरेल इतकंच. मधला नट लोक विसरतात. तो आवळलेला असेल तर वरची प्लेट जागची हलत नाही आणि मग माणूस हँडलवर लोंबकळत बसतो. आता चाक गुडघ्यात धरून हँडल हळूहळू फिरव, पट्ट्या समांतर येईपर्यंत. हिसका द्यावा लागतच नाही.

आवळताना एक्सल आधी, पण पुरता नाही; टी आणि प्लेटचे बोल्ट पाइप खुणेवरून सरकणार नाहीत इतपत. गाडी स्टँडवरून खाली घे, पुढचा ब्रेक धरून शॉकप चार-पाचदा जोरात दाब. पाइप आपली जागा आपण शोधतात. मग एक्सल पक्का, मग खालची टी, मग मधला नट, मग वरची प्लेट. मडगार्ड सगळ्यात शेवटी. मडगार्ड आधी आवळलं तर तेच दोन्ही नळकांड्यांना ओढून धरतं. आवळायचा जोर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, टॉर्क रेंच कुणाकडून तरी मागून आण. टी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर जास्त आवळल्याने कान फुटतो.

एवढं करूनही काच डुलत राहिली तर पाइप किंवा टी वाकलेली आहे. पाइप बहुतेक वेळा टीच्या लगेच खाली वाकतो. तिथे नख फिरव, क्रोमला सुरकुती लागते का बघ. बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवला की बाक मोजायचा डायल सांगतो. बऱ्याच जपानी मॅन्युअलमध्ये मर्यादा 0.2 मिमी असते; डायलचा काटा जेवढा फिरतो, खरा बाक त्याच्या निम्मा. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रेसवर पाइप सरळ करून देणारे आहेत, मीही वर्षानुवर्षं दिलेत. पण डोळ्याला बाक दिसत असेल तर मी हात लावत नाही. क्रोम उडतं, सील फाडतं, आणि एकदा वाकलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा वाकायला तयार असतं.

आणि टाकी उचलून एक गोष्ट बघच. हँडल ज्या नळीत फिरतं ती चॅसिसची मान. तिच्या खालच्या अंगाला, जोडपट्टीच्या वेल्डिंगजवळ रंग चुरगळलाय का, केसाएवढी चीर आहे का, गंजाची रेघ आहे का? तसलं काही दिसलं तर पाने खाली ठेव. ते काम चॅसिस साच्यात (जिगवर) बसवून सरळ करणाऱ्याचं, तुझं-माझं नाही.

नाशिकची_स्प्लेंडर

काकांनी पुढचं सांगितलंच, मी दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहिते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी मागचं चाक तपासा. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर भरवसा नको, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) ज्या बोल्टवर हलतो त्या पिव्हटपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. ते सारखं झाल्यावरच दोरी लावा.

मागच्या टायरच्या पाठीमागून दोरी गुंडाळून दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या पलीकडे न्यायची आणि दोन स्टुलांना बांधायची, स्टँड-सायलेन्सर चुकवता येईल तितकी उंचावर. स्टुलं हलवत हलवत दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम शिवेल इतकी आणा. तुमच्या पल्सरला पुढे 80/100-17 आणि मागे 100/90-17 असेल तर पुढच्या टायरशी दोन्हीकडे साधारण 10 मिमी फट दिसली पाहिजे. कंपनीप्रमाणे टायरची खरी रुंदी थोडी बदलते, म्हणून आकड्यापेक्षा डावी-उजवी फट सारखी आहे का ते बघा. डावीकडे 5 आणि उजवीकडे 15 म्हणजे चाकं एका रेषेत नाहीत. माझ्या स्प्लेंडरला दोन्ही टायर एकाच मापाचे, तिथे फट नसतेच, दोरी चारही कडांना शिवायला हवी.

अजून एक. मध्ये पंक्चर काढलं होतं का? एक्सलवरचे बुश (चाक मध्यावर धरणाऱ्या छोट्या नळ्या) डावे-उजवे अदलाबदल झाले की चाक एका शॉकपकडे सरकतं. रिम आणि नळकांडं यांच्यातलं अंतर दोन्हीकडे मोजून बघा. माझ्या गाडीत हेच निघालं होतं, आणि त्याआधी एका गॅरेजने मला नवा कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) विकला होता!

उद्यमनगर_फिटर

ताईंनी कोनसेटचं नाव काढलं ते बरं झालं. पुढचं चाक अधांतरी करून हँडल दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. बरोबर मध्यावर खटका लागत असेल, जणू हँडल तिथे बसायला बघतंय, तर दणक्याने गोळ्यांचे खळगे वाटीत उमटलेत. तो कोनसेट बदलायचा, आवळून-सैलावून उपयोग नाही. खटका असलेली गाडी सरळ जात नाही, सारखी इकडून तिकडे दुरुस्त करावी लागते. फार आवळलेल्या कोनसेटनेही हेच होतं. आणि ब्रेक मारल्यावर पुढून ‘टक्’ आवाज, तर सैल आहे.

एमआर_चिपळूणकर

रविवारी सगळं केलं. पट्ट्या बांधल्यावर पीळ स्वच्छ दिसला, काचही डुलत होती. ढिलं करून फिरवल्यावर काच चारी कोपऱ्यांवर बसली, नखाला सुरकुती लागली नाही. मानेजवळ रंग जसाच्या तसा. मधला खटका नाही. दोरीत फट डावीकडे-उजवीकडे सारखी.

आता दोन प्रश्न. वरची प्लेट चाकाशी काटकोनात आहे, तरी डावी मूठ अजून थोडी मागे आणि खाली वाटते. आणि डावीकडे ओढणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही.

उद्यमनगर_फिटर

मूठ मागे आणि खाली म्हणजे हँडलची नळीच वाकली आहे. नवीन टाक, सरळ करायच्या भानगडीत पडू नको. गॅरेजवाल्याच्या यादीतला तेवढाच एक भाग खरा निघाला.

ओढण्याचं म्हणशील तर साडीगार्डवरची बॅग काढ आणि मग चालवून बघ. साडीगार्ड डावीकडे, बॅग डावीकडे, आणि आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेला उतरते केलेले, म्हणजे डावीकडे चालणाऱ्या गाडीला उतारही डावीकडेच. एखाद्या सपाट मैदानात, बॅगेशिवाय, हवा दोन्ही टायरांत कंपनीच्या मापाने भरून बघ. हात सोडायचे नाहीत, पकड फक्त सैल. तिथे सरळ गेली तर गाडीत दोष नाही.

एमआर_चिपळूणकर

पवन तलावाच्या मैदानावर बघितलं. बॅग नसताना सरळ जाते. बॅग आता मागच्या सीटवर आडवी बांधतो. हँडल उद्या आणतो. उजव्या शॉकपच्या सीलभोवती तेलाची बारीक ओल दिसते, ती पडण्याआधी नव्हती. लगेच बदलू की थांबू?

उद्यमनगर_फिटर

पुसून घे आणि चिपळूण-कराड एकदा जाऊन ये. पुन्हा ओल आली तर दोन्हीकडची सीलं बदल, एकाच बाजूचं नको, आणि ऑइल दोन्हीकडे मापून सारखं भर. उजव्या बाजूला डिस्क असेल तर मात्र थांबू नको. तेल ओघळून पॅडवर गेलं की ब्रेकच लागत नाही.