केबिन विसरा, हल बघा

पानशेतच्या बॅकवॉटरला ठेवलेल्या जुन्या फायबर क्रूझरचा (केबिनवाल्या मोटरबोटीचा) मेक, म्हणजे ती कुठल्या कारखान्याची, हे कसं ओळखायचं असा प्रश्न इथे आलाय. इंजिनचा नंबर बघा असं कुणी सुचवलंय, पण त्यावर जाऊ नका; बघायचा तो हल, म्हणजे बोटीचा खालचा मुख्य सांगाडा. इंजिन तीनदा बदललेलं असू शकतं, त्यातून कळतो तो फक्त इंजिनचा मेक.

आधी ट्रान्समचा, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीचा, उजवा वरचा कोपरा बघा. १ नोव्हेंबर १९७२ नंतरच्या अमेरिकन बोटींवर तिथे अक्षरं आणि अंक मिळून १२ चिन्हांचा हल नंबर असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची. रंगाखाली तो बुजतो. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडा. ग्राइंडर मुळीच नको, जेलकोटबरोबर (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराबरोबर) नंबरही जाईल.

बोट ब्रिटिश आणि त्याआधीची असेल (फ्रीमन, नॉर्मन, डॉनक्राफ्ट वगैरे) तर असा नंबर मिळणार नाही. मग मापं घ्या. मागे प्लॅटफॉर्म जोडून लांबी वाढवतात, म्हणून भरवसा रुंदीवर: सर्वांत रुंद जागी, रबर पट्टी सोडून, सेंटिमीटरमध्ये. हल आणि डेकचा जोड एकावर एक बसवलाय की कड बाहेर काढून बोल्ट केलाय, तळाला कील (लांबीभर गेलेला कणा) एक आहे की दोन, चाइन (तळ आणि बाजू मिळतात ती कड) कुठून सुरू होते, हे सगळं साच्यातून आलेलं असतं आणि सहसा कुणी बदलत नाही.

केबिनच्या खिडक्या मात्र फसवतात, कारण त्या बदललेल्या असू शकतात. आतलं अस्तर थोडं सोडवा. बुजवलेल्या जुन्या खिडकीची कड आणि नव्या मॅटचा (फायबरच्या कापडाचा) वेगळा पोत लगेच दिसतो. त्या मूळ कडांचा आणि ट्रान्समचा समोरून फोटो टाका.