बीजीपी खरंच अजून विश्वासावरच चालतो का?

नवा_राउटर
लोकहो, नेटवर्किंग शिकायला लागून सहा महिने झाले, आता बीजीपीवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलवर, येऊन अडकलोय. कॉन्फिग जमते, पीअर (शेजारचं नेटवर्क) कसा जोडायचा तेही कळलं, पण एक गोष्ट काही केल्या पटत नाहीये. एखादं नेटवर्क म्हणालं की हे ॲड्रेस माझ्याकडे आहेत, की शेजारचं ते मानतं आणि पुढच्याला सांगत सुटतं. मग उद्या मी दुसऱ्याचेच ॲड्रेस माझे म्हणून जाहीर केले तर कुणी विचारणारच नाही? तीन व्हर्च्युअल राउटर जोडून करून बघितलं तर तिसऱ्याने मुकाट मानलं राव. अख्खं इंटरनेट असंच चालतं की माझंच काहीतरी चुकतंय?

पॅकेटवाला
तुझं काही चुकत नाहीये. १९८९ साली दोन इंजिनिअरनी बीजीपीचा आराखडा जेवायच्या टेबलावर नॅपकिनवर काढला, तेव्हा नेटवर्क चालवणारे मोजके होते आणि बरेचसे एकमेकांना तोंडओळखीने तरी माहीत होते, त्यामुळे खोटं कोण कशाला बोलेल हा प्रश्नच नव्हता.

२००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमला फक्त आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूब जाहीर करत होतं स्लॅश २२, म्हणजे १०२४ ॲड्रेस. यांनी त्यातलाच स्लॅश २४, म्हणजे २५६ ॲड्रेसचा तुकडा जाहीर केला, तो चुकून अपस्ट्रीमकडे (ज्याच्याकडून ते नेट घेतात त्या मोठ्या नेटवर्ककडे) गेला आणि अपस्ट्रीमने न तपासता जगाला वाटला. राउटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे कमी ॲड्रेसचा, रूट (रस्ता) धरतो, म्हणून जगभरातला यूट्यूबचा ट्रॅफिक तिकडे वळला, साधारण दोन तास. यूट्यूबने स्वतः स्लॅश २४ आणि मग स्लॅश २५ जाहीर केले, पण ते खोटं पूर्ण बंद झालं ते अपस्ट्रीमने रूट काढल्यावरच.

क्लिकक्लिक
२०२१ ला फेसबुक सहा तास गायब होतं तेही असंच हायजॅक ना?

रात्रपाळी
नाही हो, ते हायजॅक नव्हतं, कृपया एकात एक मिसळू नका. मेंटेनन्सच्या एका कमांडने त्यांचं स्वतःचं बॅकबोन (मुख्य अंतर्गत जाळं) पडलं, ते बघून त्यांच्या डीएनएस (नावावरून ॲड्रेस सांगणाऱ्या) सर्व्हरनी आपले रूट आपणच मागे घेतले. नावं सापडेनात म्हणून सगळं गायब. बाहेरचं कुणी नव्हतंच त्यात.

मी एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) काम करते, आणि खरं सांगू का, हल्ल्यापेक्षा झोपेत टाइप केलेली कमांड जास्त छळते. आमच्याकडे एकदा टेस्टसाठी काढलेला फिल्टर परत लावायचा राहिला, एका अपस्ट्रीमचं रूटचं अख्खं टेबल आम्ही दुसऱ्याला देऊन बसलो, लाखो रूट. त्यांनी मॅक्स-प्रीफिक्स लिमिट (किती रूट घ्यायचे याची मर्यादा) लावलेलं होतं म्हणून सेशन पडलं आणि इज्जत वाचली. पहाटे त्यांच्या माणसाचा फोन, आवाज न चढवता म्हणाला, "फिल्टर बघा जरा." असल्या फोनवर चालतं सगळं. मॅनर्स नावाचा उपक्रम २०१४ पासून आहे, फिल्टर लावू, खोटे सोर्स ॲड्रेस बाहेर सोडणार नाही, संपर्क अपडेट ठेवू असं नेटवर्कवाले कबूल करतात. सक्ती नाही, शब्द दिलेला असतो.

नवा_राउटर
म्हणजे परत विश्वासच 🙂 आणि आरपीकेआय म्हणतात ते काय मग?

पॅकेटवाला
त्यात ॲड्रेसचा मालक सही करून ठेवतो की अमुक प्रीफिक्स (ॲड्रेसचा गट) अमुक एएसनेच (नंबर दिलेल्या नेटवर्कने) जाहीर करायचा आणि जास्तीत जास्त किती लांबीपर्यंत, म्हणजे स्लॅशनंतरचा आकडा केवढा. याला आरओए म्हणतात. तुझा राउटर व्हॅलिडेटरकडून (सह्या तपासणाऱ्या प्रोग्रामकडून) ती यादी घेतो आणि न जुळणारा रूट टाकून देतो. २०२४ च्या मे महिन्यात आयपीव्ही४ च्या निम्म्याहून जास्त रूटना आरओए झाले, इतकी वर्षं चिकाटीने मागे लागलेल्या लोकांचं हे फळ आहे.

रात्रपाळी
पण कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली ठेवू नका! जानेवारी २०२४ मध्ये ऑरेंज स्पेन या टेलिकॉम कंपनीच्या रायप (युरोपात ॲड्रेसची नोंद ठेवणारी संस्था) खात्यात कुणीतरी घुसलं, टू-फॅक्टर नव्हतं आणि पासवर्ड होता 'रायपॲडमिन'. त्याने चुकीचे आरओए बनवले, खरे रूटच अवैध ठरले आणि जी नेटवर्क नियमाने तपासतात त्यांनीच ते फेकून दिले. काही तास ग्राहकांचं नेट बोंबललं.

नवा_राउटर
व्हॅलिडेटर लावला, आरओएसारखी लोकल एन्ट्री टाकली, आता तिसरा राउटर माझा खोटा रूट नाकारतोय 👍 पण मग गंमत म्हणून एएस पाथच्या (वाटेतल्या नेटवर्कच्या नंबरांच्या यादीच्या) शेवटी खऱ्या मालकाचा नंबर चिकटवून स्लॅश २४ पाठवला तर परत मानला की!! हे काय आता?

पॅकेटवाला
शाब्बास, बरोबर तिथेच भोक आहे. आरओए फक्त उगम बघतो, मधला रस्ता नाही. मालक जाहीर करतोय फक्त स्लॅश २२ आणि तू एन्ट्रीत मॅक्सलेंथ २४ ठेवली असणार, म्हणून खोटा तुकडा वैधही ठरला आणि नेमका म्हणून जिंकलाही. ती २२ करून बघ. रस्ता तपासायला एएसपीए म्हणून आयईटीएफमध्ये (इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संस्थेत) काम चालू आहे.

नवा_राउटर
२२ केली, नाकारला. स्लॅश २२ च पाठवला तर मात्र अजून घेतोय, पण आता निदान खऱ्या रूटपेक्षा पाथ लांब पडतो, आणि छोटा पाथ आधी धरला जातो. ठीके, एएसपीएचा ड्राफ्ट उघडलाय, अडलो की परत येतो.