सॅशे, पुडी की पुरचुंडी?

साड्यांच्या घड्यांत ठेवायची छोटी सुगंधी पिशवी दुकानात 'सॅशे' म्हणून मिळते. तिला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आहे. 'सुगंधी पुडी' म्हणावं, अशी एक सूचना आहे. ती मला पटत नाही, पण का ते सांगण्याआधी 'सॅशे'चं कूळ पाहू.

या शब्दात मुळात सुवास नाहीच. फ्रेंचमध्ये 'साक' म्हणजे पिशवी आणि 'साशे' म्हणजे लहान पिशवी, बस. फ्रेंच लोक चहाच्या पिशवीलाही 'साशे'च म्हणतात. फ्रेंचच्या मागे लॅटिन 'साकुस', त्यामागे ग्रीक 'साकोस', आणि ग्रीकमध्ये तो सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातल्या भाषांतून आलेला. हिब्रूत 'साक' म्हणजे जाडंभरडं कापड आणि त्याची गोणी. बायबलमध्ये शोक करताना माणसं अंगावर घेतात ते गोणपाट हेच. अंगाला टोचणाऱ्या कापडाचं नाव लव्हेंडर भरलेल्या रेशमी पिशवीपर्यंत पोचलं, हा प्रवास मला फार आवडतो. पोरांच्या पाठीवरची सॅक याच घराण्यातली.

इंग्रजीत सुगंधी पिशवी या अर्थाने हा शब्द फ्रेंचमधून आला तो एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडे मात्र तो रुळला शाम्पूमुळे. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पाकिटांतून विकायची वाट दाखवली, आणि त्यांच्या मुलाने १९८३ मध्ये चिक शाम्पू काढला. त्यामुळे 'सॅशे' म्हटलं की आपल्याला दाताने फाडायचं पाकीट आठवतं, कपाट नाही.

आता मराठी. 'पुडी' संस्कृत 'पुट'वरून आली. पुट म्हणजे घडी, दुमड. म्हणून पुडी कागदाची, हळदकुंकवाची, अंगाऱ्याची. कापडात जिन्नस ठेवून चारी टोकं गोळा करून गाठ मारली की ती पुरचुंडी. ओढायची दोरी असली की बटवा. पानतंबाखूची ती चंची. आपल्या बायकांनी हे भेद किती चोख सांभाळलेत!

आणि वासासाठी बांधलेली पुरचुंडी घरोघरी आहेच. लहान मुलाचं नाक चोंदलं की तव्यावर ओवा गरम करायचा, मऊ सुती फडक्यात बांधायचा आणि नाकाजवळ धरायचा. तिला 'ओव्याची पुरचुंडी' म्हणतात. तिथे कुणाला शब्द शोधावा लागत नाही. मग वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी अशी सुवासिक मुळं बांधून कपाटात ठेवली तर ती 'वाळ्याची पुरचुंडी' का नाही? आत काय आहे तेही त्यात कळतं, जे 'सुगंधी' या मोघम विशेषणाने कळत नाही.

'पोटली'ही चालेल, पण तो शब्द हल्ली आयुर्वेदातल्या शेकासाठी आणि लग्नातल्या जरीच्या पिशवीसाठी जास्त वापरात आहे. दुकानातली पिशवी चारी बाजूंनी शिवलेली असेल, तर गाठच नसल्यामुळे पुरचुंडी म्हणणं ओढूनताणून होईल. तिला मी 'वाळ्याची उशी' म्हणेन.