डायरीतला गुलाबी कागद
(सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र)

*ओवीची आई, ए-३०२*
शाळेत जाणारी मुलं असलेल्या सगळ्यांसाठी. मेसेज लांब आहे, पण कृपया वाचा. मुलांच्या डायरीत गुलाबी कागद चिकटवलाय. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांनी सोमवारपर्यंत नावं द्यायची आहेत. ओवीच्या वर्गात ४२ मुलं आहेत, काल दुपारपर्यंत नावं आली होती दोन.

*विहानचे बाबा, बी-५०४*
वहिनी, बघितला कागद. पण ती समिती म्हणजे स्नेहसंमेलनाला खुर्च्या मांडायच्या आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायचे. त्यासाठी ऑफिस कोण बुडवणार?

*ओवीची आई, ए-३०२*
मलाही तसंच वाटायचं, म्हणून दोन वर्षं नाव दिलं नाही. मार्चमध्ये फीवरून आपण याच ग्रुपवर किती बोललो ते आठवतंय ना? त्यानंतर मी शाळेत गेले होते. क्लार्क मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. डिसेंबरच्या बैठकीचं इतिवृत्त, फीवाढ मंजूर, खाली पालकांच्या सह्या. आपल्या इयत्तेसमोर एका आईची सही होती. तिला फोन केला तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "अहो, चहा झाल्यावर रजिस्टर फिरलं, मला वाटलं हजेरीचं आहे." तिला मी काय बोलणार? बैठकीला जाण्याआधी आपल्यापैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं की विषय काय आहे.

*विहानचे बाबा, बी-५०४*
डिसेंबर? फीचं पत्रक तर एप्रिलमध्ये येतं.

*काका, सी-१०१*
मी ३१ वर्षं शाळेत काढली, शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून, म्हणून सांगतो. महाराष्ट्राचा शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा आहे, लागू झाला डिसेंबर २०१४ पासून. त्यात शाळेने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. जून उणे सहा, म्हणजे डिसेंबर. एप्रिलचं पत्रक ही नुसती बातमी, निर्णय केव्हाच झालेला असतो. आणि डिसेंबरला त्या टेबलाशी कोण बसणार, ते आत्ता ठरतंय.

समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला, आणि प्रत्येक इयत्तेचा पालक प्रतिनिधी असतो. निम्म्या महिला हव्यात. इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर नावं काढायची असतात. दोनच चिठ्ठ्या असतील तर त्याला सोडत कसं म्हणायचं?

*अन्वीची आई, बी-२०३*
काका, समितीने मंजूर केलं आणि आम्हाला पटलं नाही तर? तक्रार करता येते ना?

*काका, सी-१०१*
येते, पण एकट्याने नाही. कायद्यात नंतर दुरुस्ती झाली, त्यानुसार फीच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला किमान २५ टक्के पालक एकत्र लागतात. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे सह्या गोळा करायच्या. त्यापेक्षा डिसेंबरला आत बसून हिशेब मागणं सोपं. शिक्षकांचे पगार किती, इमारतीचा खर्च किती, 'उपक्रम शुल्क' म्हणजे नेमकं काय, हे विचारा. आणि एक लक्षात ठेवा, भांडायला जाऊ नका. मी खुर्चीच्या त्या बाजूला होतो. अभ्यास करून आलेला पालक आला की आम्हीही कागद नीट लावून बसायचो.

*अन्वीची आई, बी-२०३*
बैठका किती असतात? माझी शिफ्ट आहे.

*काका, सी-१०१*
तीन महिन्यांतून निदान एक.

*रेवाची आजी, ए-१०३*
आमची रेवा अनुदानित शाळेत आहे. तिथे हे नसतं का?

*काका, सी-१०१*
वहिनी, तिथे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याखाली. ७५ टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि अध्यक्ष पालकच.

*रेवाची आजी, ए-१०३*
अच्छा, म्हणजे आमच्याकडे कामाला येतात त्या ताई याच समितीवर आहेत! त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची, म्हणून बऱ्याच मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. ताईंनी बैठकीत हे सांगितलं. त्यांना नीट लिहिता येत नाही, म्हणून मुलीकडून वहीच्या पानावर लिहून नेलं आणि तेच पान इतिवृत्ताला जोडायला लावलं. पंधरा दिवसांत कडी बसली. परवा भांडी घासता घासता मला सांगत होत्या, इतका आनंद होता चेहऱ्यावर.

*ओवीची आई, ए-३०२*
आजी 🙏 आपण इतके शिकलेले, आणि आपल्याकडून एक फॉर्म भरून होत नाही.

*विहानचे बाबा, बी-५०४*
काका, बसचं पण यात येतं का? विहानच्या बसमध्ये महिन्यातले निम्मे दिवस मावशी नसतात. पहिलीतली पोरं स्वतः उड्या मारून उतरतात. दोनदा मेल केला, उत्तर नाही.

*काका, सी-१०१*
येतं. स्कूल बसची नियमावली २०११ ची आहे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो. मेल करत बसण्यापेक्षा तिथे विषय मांडा. तारखा लिहून ठेवा, कोणत्या दिवशी मावशी नव्हत्या ते.

*विहानचे बाबा, बी-५०४*
तारखा आहेत माझ्याकडे. ठीक आहे, मी नाव देतो. वहिनी, फॉर्मवर दोघांची सही लागते का?

*ओवीची आई, ए-३०२*
एकाचीच. अन्वीच्या आई, तुमचं?

*अन्वीची आई, बी-२०३*
देते. चिठ्ठी निघाली तर शिफ्ट बदलून घेईन. नाही निघाली तरी डिसेंबरच्या बैठकीआधी जिचं नाव निघेल तिला आपण भेटायचं, हे आत्ताच ठरवू या.

*ओवीची आई, ए-३०२*
हो, नक्की. सोमवारी बस सुटली की गेटपाशी थांबा, कोरे फॉर्म मी आणते. काका, तुम्हीही खाली याल का? हिशेबात काय काय विचारायचं, ते एका कागदावर लिहून घेऊ.

*काका, सी-१०१*
येतो. चष्मा घेऊन येतो.