मदत हवी आहे: पावसाळ्यात बॉक्सिंग ग्लव्हचा फोम तळाला टेकतोय (पूर्ण दबून जातोय)

म्हापशात 12 औंसाच्या (340 ग्रॅम) सरावाच्या ग्लव्हचा नमुना तयार करतोय. फोमचे थर मुठीकडून: लॅटेक्स 10 मिमी, ईव्हीए (प्लास्टिकचा फोम) 20, बाहेर पीयू (पॉलियुरेथेन) 15. 4 किलोचं सपाट वजन 50 सेंमीवरून टाकतो, म्हणजे सुमारे 20 ज्यूल, अ‍ॅक्सेलरोमीटर (झटका मोजणारा सेन्सर) वजनावरच.

उन्हाळ्यात दहाव्या आघातालाही झटक्याचं पीक 70 जीच्या (गुरुत्वीय त्वरणाच्या 70 पट) आत. आता पाचव्यापासूनच 100 च्या वर, आलेखाला टोक. हा झटका समोरच्याच्या डोक्यात जाणार, म्हणून असंच सोडवत नाही.

आघातांमध्ये 60 सेकंद थांबून पाहिलं, फरक नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात (साधारण 75 टक्के आर्द्रता) 48 तास ठेवल्यावर वजन वाढलं ते फक्त पीयूचं. उघड्या पेशींचा ना तो, ओल आत शिरते.

क्लायमेट चेंबर (तापमान-आर्द्रता ठरवता येणारा कक्ष) नाही, ग्लव्ह जड करता येणार नाही. पीयूऐवजी बंद पेशींचा नायट्रिल-पीव्हीसी फोम घ्यायचा तर घनता किती ठेवावी?