सासऱ्यांना अर्धांगवायू, चार महिने झाले, व्यायामाला तयारच नाहीत

वाळव्याची सून : सासरे ६६ वर्षांचे. मार्गशीर्षात पहाटे धार काढताना कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही. बारा दिवसांनी दवाखान्यातून घरी सोडलं, सोबत पिवळा स्पंजचा चेंडू. तालुक्याहून फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात, बाकी पाच दिवस मीच. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. पण चेंडू दिला की डाव्या हाताने भिरकावतात, परवा मांडणीवरचे चार पेले पाडले. दिवसभर परसदाराकडे बोट करून "आऽ बा, आऽ बा". पाणी द्यावं, बाथरूमला न्यावं, तर आणखी चिडतात. मनावर घेत नाहीत म्हणून हात सुधारत नाही, असं दीर म्हणतात, आणि मी करून घेत नाही असं सासूबाई. काय करू?

अण्णा४२ : आमच्या चुलत्यांना कबुतराच्या रक्ताने मालीश केलं. महिन्यात फरक. करून बघा.

घरोघरी फिजिओ : कबुतराला सोडा हो. पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांचं थोडंफार आपोआप सुधारतं, श्रेय मालीशवाल्याला जातं.

ताई, दीर आणि सासूबाई दोघांचंही मनावर घेऊ नका. घरच्या माणसाला शिकवून व्यायाम करून घ्यायचा, हा प्रयोग आपल्याकडे १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाला. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सहा महिन्यांनी परावलंबन काही कमी झालं नव्हतं. हे एकट्या सुनेच्या गळ्यात घालायचं कामच नाही.

बोटं आत वळत असतील तर दाबण्यापेक्षा उघडण्याचा सराव हवा, तुमच्या फिजिओंना हात दाखवा. उठवताना उजवा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. सदरा घालताना आधी उजवी बाही, काढताना ती शेवटी.

आणि परसदारी काय आहे? वाचा गेली म्हणजे समज गेली असं नव्हे. मोबाइलवर एकेक फोटो दाखवा, मान हलवतील असं विचारा, उत्तराला वेळ द्या.

वाळव्याची सून : चार दिवसांनी लिहितेय. परसदारी गोठा. फोटो दाखवत गेले, म्हशींचा आला तसा मोबाइलच हातातून घेतला. दवाखान्याच्या बिलापायी दोनातली एक म्हैस आम्ही विकली, त्यांना सांगितलंच नव्हतं. 'आऽ बा' म्हणजे चंद्रा. चार महिने तीच विचारत होते आणि आम्ही पाणी पाजत होतो.

खरं सांगितलं. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच काठी घेऊन दाराशी. आता गोठ्यात खुर्ची टाकलीय. पेंड कालवताना उजवा हात बादलीत घालतात, वरून डाव्याने दाबून फिरवतात. धार काढायचीय त्यांना, सडाकडे बोट करतात. फिजिओ म्हणाले, बघू. चेंडू नातवाने नेला.

एक विचारायचं राहिलं. गोठ्याला दोन पायऱ्या आहेत, कुठला पाय आधी?

घरोघरी फिजिओ : चढताना डावा आधी, उतरताना उजवा. काठी डाव्या हातात, तुम्ही उजव्या अंगाला. उतरताना एक पायरी खाली उभ्या राहा. आणि शेण काढून जमीन सुकल्याशिवाय नेऊ नका.